दोन बोटं सैल

माप घेणाऱ्याच्या हातात माणसाची अब्रू असते, आणि या घराण्याने तीन पिढ्यांत मापात एकदाही चूक केलेली नाही. हे वाक्य दुकानात चौकटीत लावलेलं आहे. चौकटीखालच्या खुंटीला आबांनी स्वतःच्या हाताने शिवलेला एक राखाडी कोट टांगलेला आहे. तो न्यायला गिऱ्हाईक परत आलं नाही, कारण त्याच्या दोन्ही बाह्या डाव्या आहेत. घरात याचा खुलासा असा करतात, की त्या गिऱ्हाइकाचे खांदेच मुळात चमत्कारिक होते.

रविवारी सकाळी दहाला आबांचे थोरले चिरंजीव, म्हणजे मास्टर, घराच्या बाजूने दुकानात उतरले, तेव्हा त्या चौकटीच्या थेट समोर, आबांच्या कटिंगच्या टेबलावर, ते पडलेलं होतं.

‘ते’ म्हणजे लेसची ब्रालेट. बदामी रंगाची, आत तार नसलेली, वरच्या कडेला लेसचीच नागमोडी किनार. पण हा शब्द या घरात कुणी उच्चारत नसे. तीन पिढ्या लोकांच्या छातीला टेप लावून पोट भरणाऱ्या या कुटुंबाकडे छातीवर आतून घालायच्या कपड्यासाठी शब्द नव्हता. थोरली वहिनी, म्हणजे मास्टरांची बायको, ‘आतलं’ म्हणे. धाकटा भाऊ नुसता खोकत असे. मास्टर ‘ते’ म्हणत, आणि म्हणताना एकदा दाराकडे बघून घेत.

“हे काय आहे?” त्यांनी कोपऱ्यातल्या मशीनकडे बघून विचारलं.

मशीनवर धाकटी बसली होती, म्हणजे धाकट्या भावाची बायको. “आक्कांचं आहे, दादा. एक पट्टी लावायची राहिलीय.”

“आबांच्या टेबलावर?”

“जमिनीवर कापलं तर लेस सरकते.”

मास्टरांनी लाकडी फूटपट्टीच्या टोकाने ते स्वतःकडे ओढलं. हात लावायचा नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. पण कापड पुढ्यात आलं की त्यांचा टेप आपोआप गळ्यातून खाली उतरे. त्याला त्यांचाही इलाज नव्हता. खालचा पट्टा त्यांनी मोजला. अठ्ठावीस. परत मोजला. अठ्ठावीसच. मग आतल्या खणातून मापांची वही काढली. दहा वर्षांपूर्वी त्यांची बहीण आक्का मुख्याध्यापिका झाली तेव्हा तिला ब्लेझर शिवला होता, त्याचं माप होतं. छातीखाली, तेहतीस.

मास्टरांचा चेहरा उजळला. पाच इंच! दुसऱ्याची पाच इंचांची चूक आयुष्यात रोज सापडत नाही. त्यांनी टेप पुन्हा गळ्यात घातला आणि ते वर गेले. वर जाताना ते शीळ वाजवत होते, असं वहिनीचं म्हणणं आहे.

आनंदाला कारण होतं. टेबल आबांनी तिन्ही मुलांच्या नावे ठेवलं होतं: आक्का, मास्टर आणि धाकटा. आबांनी लिहून ठेवलं होतं, की टेबलाचं काय करायचं ते तिघांपैकी दोघं म्हणतील तसं. गेले दोन महिने धाकटी अर्धं टेबल मागत होती, खिडकीकडचं. तिथे तिला बायकांचे आतले कपडे शिवायचे होते, मापाने, एकेकीचे. लग्नाआधी सहा वर्षं ती अशाच कपड्यांच्या कारखान्यात इलॅस्टिक लावायला होती. घरात याचा उल्लेख ‘ती पूर्वी निर्यातीत होती’ असा करत. आता त्याच कारखान्याने तिला सुपरवायझर म्हणून परत बोलावलं होतं. पत्र तिच्या पर्समध्ये होतं आणि सोमवारी उत्तर द्यायचं होतं. टेबल मिळालं तर ती इथे बसणार होती. नाहीतर सकाळी सातच्या बसने जाणार होती, आणि दुकानात काजं करायला, अस्तर लावायला, बटणं टाकायला कुणी उरणार नव्हतं. कारण मास्टर फक्त कापत, आणि धाकटा फक्त गिऱ्हाइकांशी बोलत असे, तेही गिऱ्हाईक आलं तर.

निर्णय आज, जेवणानंतर.

*

आक्का अकराला आली. नवऱ्याचं ढगळ जाकीट घालून आली आणि खुर्चीच्या पाठीला पाठ न टेकता बसली. सहा महिन्यांपूर्वी तिला डाव्या बाजूला, छातीच्या खाली, नागीण झाली होती. फोड गेले, वेदना राहिली. तिथे तार टोचली, शिवण घासली, इलॅस्टिक रुतलं की डोळ्यांपुढे काजवे चमकत. डॉक्टरांनी ‘सैल कपडे घाला’ असं सांगितलं होतं. डॉक्टर पुरुष होते. सैल घातलं की सगळा भार त्याच जागेवर लोंबे. बाजारातून आणलेल्या सात वस्तू कपाटात पडून होत्या आणि सहा महिने ती रजेवर होती. उद्या शाळा. नऊशे मुलांसमोर जाकीट घालून उभं राहायचं, की काजवे बघत, एवढाच प्रश्न होता.

तिला भावांच्या टेबलात काडीचा रस नव्हता. मत ती मास्टरला देणार होती. मास्टरला नाही म्हटलं तर तो महिनाभर फुगून बसतो, हा चाळीस वर्षांचा अनुभव होता.

“आक्का, एक दाखवायचंय,” मास्टर म्हणाले. त्यांनी ते फूटपट्टीच्या टोकावर उचलून आणलं होतं, मेलेला सरडा आणावा तसं. “हे तुझं म्हणे.”

“अरे, खाली ठेव ते!”

“ठेवतो. आधी ऐक. तू तेहतीस. हे अठ्ठावीस. पाच इंच! आणि हिला आबांच्या टेबलावर बसायचंय.”

“बापरे,” धाकटा म्हणाला. तो नेहमी शेवटच्या बोलणाऱ्याच्या बाजूने असे.

“चूक नाही ती,” धाकटी जिन्यातून वर येत म्हणाली. “कापड ताणणारं आहे, दादा. कोटाचं कापड ताणत नाही म्हणून तुम्ही अंगापेक्षा जास्त ठेवता. हे अंगापेक्षा कमीच कापायचं. माप वजा करायचं.”

“वजा?” मास्टर म्हणाले.

या घराने बेरीज पाहिली होती. वजाबाकी कानावर पहिल्यांदाच पडत होती.

“आबांचा नियम काय?” मास्टरांनी धाकट्याला विचारलं.

“दोन बोटं सैल,” धाकटा पाठ केल्यासारखं म्हणाला.

“दोन बोटं सैल! कोट असो, पँट असो, कुणाचंही असो.”

“कुणाची बोटं?” आक्काने विचारलं.

“म्हणजे?”

“गणित शिकवते मी. आबांची बोटं केळ्यासारखी होती. तुझी पेन्सिलीसारखी आहेत. दोन बोटं म्हणजे किती?”

“ते मुरलेल्या हाताला कळतं,” मास्टर म्हणाले. आबा गेल्यापासून दुकानातले सगळे कोट घट्ट का होतात, हा प्रश्न पंधरा वर्षं घरात होता. त्याचं उत्तर आत्ता सर्वांसमोर येऊन गेलं आणि कुणी त्याला बसायला सांगितलं नाही.

“आधार कशाने मिळतो सांगू का, दादा?” धाकटी म्हणाली. “खांद्यावरच्या पट्ट्यांनी नाही. खालच्या पट्ट्याने. तो अंगाला धरून राहिला पाहिजे. सैल सोडला तर—”

“मला आधार शिकवू नकोस. आपल्या कोटाची छाती कशावर उभी राहते? कॅनव्हासवर. तुझ्या यात कॅनव्हास कुठाय?”

“यात कॅनव्हास?” धाकटीने आक्काकडे बघितलं. आक्का छताकडे बघत होती.

“मी दाखवतो,” मास्टर म्हणाले. “उरलेली लेस दे. जेवायच्या आधी उभा करतो.”

“काय उभा करता?” वहिनीने दचकून विचारलं.

मास्टरांनी दाराकडे बघितलं. “छोटा वेस्टकोट,” ते म्हणाले.

*

त्या दिवशी घराण्याच्या परंपरेने लेसला प्रथमच हात घातला.

मास्टरांनी खडूने रेघ मारली. खडू लेसच्या भोकांतून टेबलावर पडला आणि रेघ टेबलावर उमटली. त्यांनी टेबल पुसलं, पुन्हा मारली, पुन्हा टेबलावर. मग त्यांनी टेबलावरच्याच रेघेवर लेस ठेवून कापली. छातीखाली तेहतीस, अधिक दोन बोटं. मध्ये कोटाच्या छातीत घालतात तो ताठ कॅनव्हास, घोड्याच्या केसांचा, अस्सल. पुढे तीन बटणं. पाठीला बकल.

“दादा, लेस आडवी ताणते आणि तुम्ही उभी धरलीय,” धाकटी एवढंच म्हणाली.

“उभा धागा उभाच जातो.”

“यात उभा धागा नसतो.”

“शिस्त असते,” मास्टर म्हणाले.

शिवण मारली की इस्त्री, हा घराण्याचा दुसरा नियम. पहिली शिवण झाली आणि मास्टरांचा हात इस्त्रीकडे गेला. ती लोकरीच्या कापडासाठी तापलेली होती.

“दादा, नायलॉन आहे ती!”

“चाळीस वर्षं इस्त्री फिरवतोय मी.”

वास आला. इस्त्री उचलली तेव्हा डाव्या बाजूला रुपयाएवढं भोक होतं आणि तिथली लेस इस्त्रीच्या तळाला चिकटली होती.

मास्टरांनी अस्तराचा चौकोनी तुकडा कापला, त्यावर पट्टी बसवली आणि भोकावर एक खिसा शिवला. खिसा सुरेख झाला. एवढा काटेकोर खिसा त्यांनी कित्येक वर्षांत शिवला नव्हता.

“वेस्टकोटाला खिसा असतोच,” ते म्हणाले. धाकटा म्हणाला, “असतोच.”

धाकटी आपल्या मशीनवर परतली. तिने गोल टोकाची सुई लावली, नागमोडी टाका ठेवला आणि ब्रालेटच्या डाव्या कपाखालच्या शिवणीवर आतून मऊ मखमली पट्टी चढवली, आक्काच्या त्या जागेवर काही घासू नये म्हणून. तिला मागचे दोन महिने आठवत होते. तिने सौम्यपणे समजावलं होतं, कागदावर आकृती काढली होती, नवऱ्याला मध्यस्थी करायला सांगितलं होतं. नवरा मध्यस्थीला खाली गेला आणि खाली मास्टर शेवटचं बोलले. तेव्हापासून नवरा मास्टरांच्या बाजूला होता. कात्री ठेवताना तिला वाटलं, कारखान्यात निदान इस्त्रीवर तापमान लिहिलेलं असे.

*

घालून बघायला आक्का आतल्या खोलीत गेली. साक्षीदार म्हणून वहिनीला पाठवलं. धाकटीला आत यायची परवानगी नव्हती, कारण ती पक्षकार होती. हा शब्द मास्टरांचा.

वहिनी साक्षीला खुशीने गेली. धाकटीचं नाक खाली झालेलं बघायची तिला आठ वर्षांपासून इच्छा होती. धाकटी या घरात आली तेव्हा पहिल्याच आठवड्यात म्हणाली होती, “जाऊबाई, तुमचे खांदे दुखतात ना? पट्टे चुकीचे आहेत तुमचे.” खांदे तीस वर्षं दुखत होते. पण हे बाहेरच्या मुलीने सांगायचं?

आधी वेस्टकोट. आक्काने तीन बटणं लावली आणि हात खाली सोडले. आक्का एकीकडे वळली, वेस्टकोट जागेवरच राहिला. पुढचा कॅनव्हास अंगापासून तीन इंच लांब, ताठ, स्वतःच्या विचारात उभा होता.

“कसं वाटतंय, वन्सं?”

“मी आत आहे का अजून?”

“आहात.”

“खिशात काय ठेवू?”

“पेन ठेवा की,” वहिनी म्हणाली, आणि तिलाच हसू फुटलं. ते तिने पदरात दाबलं. नवरा शेवटी तिचाच होता.

मग बदामी. ते डोक्यावरून घालायचं होतं. आक्काने श्वास रोखून घातलं, वेदनेची वाट बघत. ती आली नाही. आक्काने हात वर केले. खाली वाकली. खुर्चीवर बसली आणि पाठ पूर्ण टेकली. उठली, स्टुलावर चढली आणि कपाटावरची बॅग खाली काढली, जी कुणालाही नको होती.

“टोचतंय का?” वहिनीने विचारलं.

“थांब. शोधतेय.”

“काय?”

“कुठे टोचतंय ते.”

वहिनीने जवळ येऊन खालच्या पट्ट्यात बोट घातलं. एक बोट गेलं. दुसरं जात नव्हतं. मग ती मागे सरकली आणि बराच वेळ बघत राहिली. साठीकडे झुकलेली बाई, मधून काही लोंबत नाही, वरून काही रुतत नाही. खांदे कोरे. वहिनीचा हात स्वतःच्या उजव्या खांद्यावर गेला, पट्ट्याने पडलेल्या खाचेवर.

“अठ्ठावीसचं तेहतिसावर बसलं म्हणायचं,” आक्का आरशात बघत म्हणाली. “याला गणितात काय म्हणतात मला माहीत आहे. पण मास्टरला नको सांगूस. त्याला ऋण संख्या शाळेतही झेपल्या नव्हत्या.”

*

जेवण झालं. सगळे दुकानात टेबलाभोवती बसले. वेस्टकोट टेबलावर ठेवला होता आणि आधाराशिवाय उभा होता.

आक्का जाकीट न घालता बाहेर आली. ती खुर्चीवर बसली आणि टेकली. सहा महिन्यांत तिला टेकलेलं कुणी बघितलं नव्हतं; एवढ्यावरच निकाल लागला होता. पण मास्टर निकाल बघत नसत, ऐकत.

“मग?” त्यांनी विचारलं. “वेस्टकोट कसा आहे?”

“खिसा छान आहे.”

“आणि... ते?”

“ते आहे हे मला मघाशी आठवावं लागलं,” आक्का म्हणाली. “माझं मत धाकटीला. अर्धं टेबल, खिडकीकडचं.”

मास्टरांचा टेप गळ्यातून घसरला. “तू? आबांची मुलगी?”

“आबांचीच. दोन डाव्या बाह्या मी पाहिल्यात बरं. मीच बटणं लावली होती त्याला.”

“त्या माणसाचे खांदे—”

“चांगले होते रे त्याचे खांदे. पोस्टात होता तो. मला रोज दिसायचा.”

आता मत धाकट्याचं. सगळ्यांनी त्याच्याकडे बघितलं. धाकटीने बघितलं नाही. ती पर्सची चेन उघडत होती, बंद करत होती. आत पत्र होतं. आक्का तिच्या बाजूने बोलेल, असं तिला दोन महिन्यांत वाटलं नव्हतं, आणि तरी शेवटी सगळं येऊन थांबलं होतं ते या माणसावर, जो हॉटेलात काय खायचं हेही शेजारच्या टेबलाला विचारून ठरवत असे.

“दादा म्हणतात त्यात तथ्य आहे,” धाकटा म्हणाला. “आक्का म्हणते त्यातही आहे.”

“एक सांग,” मास्टर म्हणाले.

“एकच सांगायचं झालं तर... दोन्ही बाजू...”

“मी उद्या सातच्या बसने जाईन,” धाकटी म्हणाली. आवाज चढवला नाही. “तुम्हाला त्रास नको. फक्त काजं कोण करणार ते ठरवून ठेवा.”

धाकटा खोकला.

“खोकला म्हणजे हो की नाही?” आक्काने वर्गातल्या आवाजात विचारलं.

धाकट्याने मास्टरांकडे बघितलं. मास्टर त्याच्याकडेच बघत होते. तो आता ‘नाही’ म्हणणार हे दिसत होतं. ओठ तसे झालेही होते. तेवढ्यात वहिनी बोलली. वहिनीला मत नव्हतं. त्या घरात तिला मत आहे की नाही, हे तीस वर्षांत कुणी विचारलंच नव्हतं.

“अगं,” ती धाकटीला म्हणाली, टेबलाच्या कडेवरचा खडू नखाने खरवडत, “उद्या जायच्या आधी माझंही माप घेऊन ठेवशील?”

“कशाचं?” मास्टरांनी विचारलं.

वहिनीने नवऱ्याकडे बघितलं. दाराकडे नाही.

“ब्रालेटचं,” ती म्हणाली.

शब्द दुकानात पडला. चौकट हलली नाही, कोट हलला नाही. मास्टरांनी हात पुढे करून वेस्टकोट आडवा केला. तो पुन्हा उभा राहिला.

“हो,” धाकटा घाईने म्हणाला. शेवटचं वहिनी बोलली होती.

*

मास्टरांनी दोन अटी घातल्या. वेस्टकोट टाकायचा नाही. तो राखाडी कोटाच्या शेजारच्या खुंटीला टांगला गेला, आणि कुणी विचारलं तर मास्टर सांगत, की आक्काच्या फासळ्याच मुळात चमत्कारिक आहेत. दुसरी अट पाटीबद्दल होती. आबांच्या पाटीवर तो शब्द चढणार नाही. आक्काने शाळेतून फोन करून सांगितलं, की काहीतरी लिहा, बायकांना कळणार कसं? तीन दिवस वाद झाला. शेवटी रंगाऱ्याला बोलावलं. ‘कोट. सूट. वेस्टकोट.’ या तीन ओळींखाली त्याने चौथी ओळ लिहिली, ‘इतर’.

त्या वर्षी दुकानातून शिवून गेलं ते सगळं इतर होतं.